वेब फॉर्म भरा, कॅड फाइल घ्या : बेस प्लेटपासून सुरुवात कशी करायची

"दादा, २०० बाय १५० ची प्लेट, १० एमएम, १२ चे चार होल, सहा नग, संध्याकाळपर्यंत पायजेत." संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याला लेझर कटिंगचं किंवा फॅब्रिकेशनचं शॉप चालवणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असे मेसेज रोजचेच. मग डिझाइनच्या टेबलावरचं पोरगं जुनी ड्रॉइंग उघडतं, सेव्ह अ‍ॅज करतं, लांबी ओढतं, भोकं सरकवतं, डीएक्सएफ (लेझर मशीनला लागणारी टूडी फाइल) काढतं आणि मशीनवर पाठवतं. प्लेट तीच, फक्त मापं वेगळी, आणि हे दिवसभर चालू.

हे काम वेब फॉर्मवर टाकता येतं. गिऱ्हाइकाने किंवा ऑफिसातल्याच माणसाने पाच-सात मापं भरायची, बटण दाबायचं, मशीनला लागणारी फाइल तयार. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं, थोडं पायथन येत असलं की बास, आणि आपल्याकडं डिप्लोमा, बीई केलेल्या कितीतरी पोरापोरींना ते येतंय. कोडिंग हा ह्यातला छोटा भाग आहे. खरी मेहनत आहे ती शॉपमधल्या जुन्या माणसाच्या डोक्यातले नियम फॉर्ममधे उतरवायची, म्हणजे कुठल्या मापाला फॉर्मने सरळ नाही म्हणायचं ते ठरवायची. तेवढं राहिलं तर चुकीची फाइलच जास्त वेगात निघेल आणि कापलेली प्लेट भंगारात जाईल.

आधी एकच पार्ट घ्या, आणि मापं वेगळी करा

सगळे पार्ट एकदम फॉर्मवर आणायच्या नादी लागू नका. तुमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा येणारा, आकार न बदलणारा एकच पार्ट निवडा. मी इथं चार भोकांची साधी बेस प्लेट घेतो, कारण ती सगळीकडं लागते, मोटरखाली, सोलर पंपाच्या स्ट्रक्चरखाली, लातूरच्या दालमिलमधल्या एलिव्हेटरखाली, साखर कारखान्यातल्या कन्व्हेयरच्या पायाखाली.

आता वरचाच मेसेज परत वाचा. "१२ चे चार होल" म्हणजे नेमकं काय? १२ मिलीमीटरचं भोक, का १२ चा बोल्ट जाईल असं भोक? एम१२, म्हणजे १२ मिलीमीटर व्यासाच्या, बोल्टसाठी नेहमीचं क्लिअरन्स भोक (बोल्ट सहज जाईल असं) १३.५ चं असतं, १२ चं कापलं तर बोल्ट शिरणारच नाही आणि साइटवर माणूस ग्राइंडर नाहीतर गॅस कटर घेऊन बसेल. शॉपमधला मुरलेला माणूस फोन करून विचारतो, "बोल्ट कुठला टाकणारंय?" तोच प्रश्न फॉर्मने विचारला पाहिजे. म्हणून भोकाचा व्यास विचारूच नका, बोल्टचा साइज विचारा, तोसुद्धा ड्रॉपडाउनमधे, आणि भोक आतल्या टेबलावरून काढा: एम६ ला ६.६, एम८ ला ९, एम१० ला ११, एम१२ ला १३.५, एम१६ ला १७.५, एम२० ला २२. ही मध्यम फिटची मापं आहेत. फाउंडेशन बोल्टवर बसणारी प्लेट असेल तर भोक ह्याहून मोठं ठेवायची पद्धत आहे, कारण काँक्रीटमधला बोल्ट थोडा इकडंतिकडं होतोच, त्यासाठी "बोल्ट कुठंय, स्टीलमधे का काँक्रीटमधे" असा अजून एक ड्रॉपडाउन ठेवा आणि काँक्रीटसाठी तुमच्या शॉपमधे जे माप चालतं ते टाका.

दुसरी अडचण पिचची, म्हणजे भोकाच्या सेंटरपासून सेंटरच्या अंतराची. मेसेजमधे भोकं कुठं पाडायची ते दिलेलंच नाही. लांबी, भोकाच्या सेंटरपासून सेंटरचं अंतर आणि कडेपासूनचं अंतर, ही तिन्ही मापं फॉर्मवर मागितली तर माणूस कधी ना कधी एकमेकांशी न जुळणारे आकडे भरणार. त्यामुळे तीनातली दोनच विचारा, तिसरं आपण काढा. माझं मत सेंटर टू सेंटरच्या बाजूने आहे, कारण गिऱ्हाइक समोरच्या मशीनच्या पायावर टेप लावून तेच मोजतं. लांबी २००, पिच १५० असेल तर कडेला २५ उरतात, ते फॉर्मवर त्याच्या डोळ्यासमोर लगेच दिसू द्या.

म्हणजे आपल्या फॉर्ममधे राहिलं काय, तर लांबी, रुंदी, दोन्ही दिशेचं पिच, जाडी, बोल्टचा साइज आणि कोपऱ्याचा रेडियस. बाकी सगळं त्यातूनच निघतं. ही यादी कागदावर लिहा आणि कोडला हात लावायच्या आधी कटिंगवाल्या मामांना दाखवा. ते दोन गोष्टी तरी अशा सांगतीलच ज्या कुठल्याच पुस्तकात नसतात.

टूल कुठलं घ्यायचं

मी कॅडक्वेरी सुचवीन. ही पायथनची लायब्ररी आहे आणि तिच्या आत ओपनकॅस्केड नावाचं भूमितीचं इंजिन आहे, जे फ्रीकॅडच्याही आत आहे. म्हणजे त्यातून खरी सॉलिड बॉडी आणि खरी स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी) निघते, जी सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, एनएक्स, कशातही उघडते. ओपनस्कॅड शिकायला त्याहून सोपं आहे, थ्रीडी प्रिंटिंगसाठी मस्त आहे, पण त्यातून स्टेप निघत नाही, आणि मशीन शॉपला स्टेपच लागते, म्हणून आपल्या कामाला ते सोडून द्या. फ्रीकॅडसुद्धा पायथनने बिनास्क्रीनचं चालवता येतं आणि तुमचं जुनं काम त्यात असेल तर खुशाल तेच वापरा. लेझरच्या डीएक्सएफसाठी मात्र ईझीडीएक्सएफ ही वेगळी लायब्ररी घ्या, त्याचं कारण पुढं सांगतो.

मॉडेल म्हणजे एक फंक्शन

पायथनमधे एक फंक्शन लिहायचं, त्याला सात मापं द्यायची, ते सॉलिड बॉडी परत देईल. फॉर्म, वेबसाइट, काहीच ह्यात आणू नका, हे फंक्शन एकटं चाललं पाहिजे म्हणजे तपासायला सोपं जातं.

आतला क्रम असा. एक्सवाय वर्कप्लेन (ज्यावर आकार काढायचा ते प्रतल) घ्या, त्यावर रेक्ट कमांडने लांबी-रुंदीचा आयत काढा, एक्सट्रूडने जाडी द्या. मग उभ्या कडा निवडा, कॅडक्वेरीत त्याचा सिलेक्टर म्हणजे उभी दांडी आणि पुढं झेड, आणि त्यांना फिलेट, म्हणजे गोलाई, द्या. मग वरचा फेस निवडा, त्यावर नवीन वर्कप्लेन, त्यावर आर-अ‍ॅरे (rarray) कमांडने दोन बाय दोनचे पॉइंट पिचनुसार, आणि शेवटी होल कमांड. सगळं मिळून सात-आठ ओळी होतात.

दोन गोष्टी सांभाळा. ओरिजिन प्लेटच्या मधोमध ठेवा, कोपऱ्यात नको, म्हणजे पिच बदललं तरी भोकं आपोआप दोन्हीकडं सारखी सरकतात. आणि फिलेट भोकांच्या आधी द्या. क्रम उलटा केला तरी ह्या प्लेटला फरक पडणार नाही, पण उद्या पार्ट अवघड झाला की कुठली कड निवडली जातेय ह्याचा गोंधळ तिथंच सुरू होतो. रेडियस शून्य आला तर फिलेटची ओळ वगळायची, शून्याचा फिलेट मागितला की इंजिन एरर देतं.

फॉर्म आणि त्याचे नकार

फॉर्मसाठी फ्लास्क, ही पायथनची वेबसाइट बनवायची लायब्ररी, पुरेशी आहे. एक पान दाखवायचं, दुसऱ्या पत्त्यावर मापं घ्यायची आणि फाइल डाउनलोडला द्यायची, एवढंच. ते कसं करायचं ह्याचे व्हिडिओ ढिगाने मिळतात, म्हणून मी तिथं थांबत नाही, मापं तपासायच्या भागावर येतो.

जाडी टाइप करू देऊ नका. बाजारात ज्या जाडीची शीट आणि प्लेट मिळते तेवढीच ड्रॉपडाउनमधे, म्हणजे ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६, २०, २५ अशी, आणि त्यातलीसुद्धा जी तुमचं मशीन कापतं तेवढीच. कोणी ९ मागितली तर त्याला तुम्ही १० च देणार ना, मग ते फॉर्मवरच कळू दे.

युनिट. आपल्याकडं अजूनही कितीतरी मिस्त्री सुतात बोलतात, "सहा इंच तीन सूत" असं. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलीमीटर, त्या हिशोबाने सहा इंच तीन सूत होतात १६१.९२५. फॉर्ममधे युनिट निवडायचा पर्याय ठेवला की कोणीतरी मिलीमीटरचा आकडा इंचावर टाकून पाठवतोच, त्यामुळे माप फक्त मिलीमीटरमधे घ्या आणि शेजारी बारीक अक्षरात त्याचं इंच-सूत दाखवा. म्हणजे मिस्त्रीला आकडा बरोबर आहे का ते लगेच समजतं आणि फाइलही बिघडत नाही.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्या ट्यूटोरियलमधे सापडायची नाही. मराठी कीबोर्ड चालू असलेल्या मोबाइलवरून माणूस २०० देवनागरी आकड्यात टाइप करतो. पायथनचं फ्लोट फंक्शन देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं, पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट वाचत नाही, ती त्याला आकडाच मानत नाही. म्हणजे तुमचा प्रीव्ह्यू कोरा राहणार आणि सर्व्हर मात्र फाइल देणार. म्हणून ब्राउझरमधेच देवनागरी आकडे बदलून घेणारी एक छोटी ओळ टाका.

आता मुख्य नियम. भोक कडेच्या किती जवळ चालेल? स्ट्रक्चरल स्टीलच्या आयएस ८०० : २००७ ह्या भारतीय स्टँडर्डमधे लिहिलंय की भोकाच्या सेंटरपासून कडेपर्यंतचं अंतर मशीनने कापलेल्या कडेला भोकाच्या व्यासाच्या किमान १.५ पट पाहिजे, आणि शिअरने किंवा हाताने गॅस कटिंग केलेल्या कडेला १.७ पट. आपल्या १३.५ च्या भोकाला १.५ पट म्हणजे २०.२५ होतात, कडेला २५ आहेत, पास. तीच प्लेट १९० लांबीची मागितली तर कडेला २० उरतात आणि फॉर्मने थांबवलं पाहिजे. दोन भोकांमधलं अंतर त्याच स्टँडर्डप्रमाणे बोल्टच्या व्यासाच्या किमान २.५ पट लागतं, एम१२ ला ३० झालं.

ह्याशिवाय मशीनचे नियम असतात. भोक जाडीपेक्षा लहान असेल, म्हणजे १२ च्या प्लेटमधे ९ चं भोक, तर लेझरवर ते स्वच्छ येईल का हे मशीनवर आणि ऑपरेटरवर असतं, आणि प्लाझ्मावर तर अजून अवघड. तिथं फॉर्मने नकार द्यायची गरज नाही, "हे भोक ड्रिल करावं लागेल, विचारून सांगतो" असं म्हणून ऑर्डर माणसाकडं वळवायची. कोपऱ्याचा रेडियस लहान बाजूच्या अर्ध्यापेक्षा कमी पाहिजे नाहीतर भूमिती जुळणार नाही. प्लेट तुमच्या मशीनच्या बेडपेक्षा मोठी नको.

नकार देताना भाषा माणसाची ठेवा. "इनव्हॅलिड इनपुट" असं लाल अक्षरात दाखवलं तर माणूस फॉर्म बंद करून परत व्हॉट्सअ‍ॅप करणार. त्यापेक्षा "एम१२ च्या भोकाला कडेपासून किमान २०.२५ मिमी लागतात, तुमच्या मापात २० च उरतायत, लांबी १९१ किंवा जास्त करा" असं लिहा. हे वाक्य लिहायला वेळ लागतो, प्रत्येक नियमाला वेगळं लिहावं लागतं, पण फॉर्म लोक वापरतील का नाही ते ह्याच वाक्यांवर ठरतं. आणि ही सगळी तपासणी ब्राउझरमधे केली तरी सर्व्हरवर परत करायचीच, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणीही चुकवू शकतो.

फाइल काढताना

मशीनिंगला जाणार असेल तर स्टेप, कॅडक्वेरीची एक्सपोर्ट कमांड ती थेट देते. स्टेप हे आयएसओ १०३०३ हे स्टँडर्ड आहे, फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमधे उघडली की पहिल्याच ओळीत हा नंबर दिसतो आणि युनिटही आतच लिहिलेलं असतं. एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगची फाइल) देऊ नका, त्यात युनिट नसतं आणि गोल भोकाचे त्रिकोणी तुकडे होतात, मशीनिंगवाला ते परत काढत बसतो.

लेझरला डीएक्सएफ. थ्रीडी मॉडेलवरून डीएक्सएफ काढता येतं, पण तसं काढलं की बाहेरची कड सुट्या सुट्या रेषा आणि आर्क होऊन येऊ शकते, आणि नेस्टिंग, म्हणजे शीटवर पार्टची मांडणी, करणाऱ्याला ती जोडत बसावी लागते. म्हणून मी सपाट पार्टसाठी ईझीडीएक्सएफने टूडी वेगळं काढायला सांगतो. बाहेरची कड एकच बंद पॉलीलाइन (सलग जोडलेली रेषा), कोपऱ्यावर बल्ज (रेषा किती फुगवायची तो आकडा) ०.४१४२ द्यायचा, तो नव्वद अंशाच्या आर्कसाठी असतो, म्हणजे कोपरा खरा आर्क राहतो. भोकं सर्कल म्हणूनच टाका, पॉलीलाइन नको. एका रेषेवर दुसरी रेषा येऊ देऊ नका, लेझर ती दोनदा कापतो. हेडरमधे युनिटचं सेटिंग, इन्सयुनिट्स, ४ करा, म्हणजे मिलीमीटर, १ राहिलं तर समोरचं सॉफ्टवेअर ते इंच समजेल. पार्ट नंबर प्लेटवर मार्क करायचा असेल तर तो वेगळ्या लेयरवर. आणि कटची रुंदी, ज्याला कर्फ म्हणतात, ती फाइलमधे धरू नका, ती मशीनवर किंवा नेस्टिंगमधे धरली जाते, दोन्हीकडं धरली तर भोक चुकतं.

फाइलचं नाव गिऱ्हाइकाने टाइप केलेल्या नावावरून कधीच ठेवू नका, त्यात सुरक्षेचा धोका आहे. नाव मापांवरूनच बनवा, पार्टचा कोड, लांबी, रुंदी, जाडी, बोल्ट आणि रिव्हिजन, आणि तेही इंग्रजी अक्षरात, कारण जुने कंट्रोलर देवनागरी नाव वाचत नाहीत. तेच माप परत आलं तर तयार असलेली फाइलच द्यायची, पण तुम्ही नियम किंवा फंक्शन बदललं की रिव्हिजन वाढवायची, नाहीतर जुनीच फाइल जात राहील.

फाइल देण्याआधी कॉम्प्युटरलाच तपासू दे

माझ्या मते ही पायरी सोडून चालणारच नाही. फाइल तयार झाली की बॉडी व्हॅलिड आहे का ते कॅडक्वेरीला विचारा, बाउंडिंग बॉक्स (पार्ट ज्यात बरोबर मावतो तो ठोकळा) मागा, तो बरोबर २०० बाय १५० बाय १० आला पाहिजे. मग व्हॉल्यूम मागा आणि हातच्या हिशोबाशी लावून बघा. आपली प्लेट, कोपरे १० रेडियसचे, चार भोकं १३.५ ची: पूर्ण ठोकळा ३,००,००० घन मिलीमीटर, चार भोकांचे साधारण ५,७२६ वजा, कोपऱ्यांचे ८५८ वजा, उरले २,९३,४१६. माइल्ड स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली की वजन २.३०३ किलो. कोडमधे हाच हिशोब सूत्राने वेगळा लिहा आणि मॉडेलच्या व्हॉल्यूमशी जुळला नाही तर फाइल बाहेर सोडूच नका. एखादं भोक आरपार गेलं नसेल, नाहीतर एखादा कोपरा राहिला असेल, तर ते इथंच पकडलं जातं. शिवाय हेच वजन फॉर्मवर दाखवलं की गिऱ्हाइकाला किलोचा भाव लावता येतो, आणि आपल्याकडं फॅब्रिकेशनचा भाव किलोवरच ठरतो, त्यामुळे ह्या एका आकड्यासाठीसुद्धा लोक फॉर्म उघडतील.

प्रीव्ह्यूसाठी फिरवता येणारं थ्रीडी छान दिसतं पण सुरुवातीला नको. वरून दिसणारं साधं एसव्हीजी चित्र, त्यावर मापं लिहिलेली, साध्या मोबाइलवरही लगेच उघडतं. त्याखाली "मापं मी तपासली" असा टिक, आणि टिक केल्याशिवाय डाउनलोड नाही. त्याच चित्राची पीडीएफ फाइलबरोबर द्या, कारण टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड, पेंट, असलं काहीही आपल्या ह्या स्टेपमधे किंवा डीएक्सएफमधे नसतं, ते ड्रॉइंगवरच लिहावं लागतं.

चालवायचं कुठं

आधी ऑफिसातल्याच एका पीसीवर, लॅनवर. यूपीएस असलेला पीसी घ्या. फ्लास्क चालवायला विंडोजवर वेट्रेस हा सर्व्हर वापरा, गनिकॉर्न तिथं चालत नाही, आणि फ्लास्कचा डिबग मोड बंद ठेवा. कॅडक्वेरी जड आहे, पहिल्यांदा लोड व्हायलाच काही सेकंद जातात, म्हणून तिला दर ऑर्डरला नव्याने लोड करू नका, एक वेगळी प्रोसेस कायम चालू ठेवा आणि मापं तिच्याकडं पाठवा. एखाद्या विचित्र मापाला इंजिन अडकून बसू शकतं, त्या प्रोसेसला वेळेची मर्यादा घाला, मर्यादा संपली की ती मारून नवीन चालू होईल आणि बाकीचा फॉर्म चालत राहील. आतल्या लोकांनी वापरून नियम पक्के झाले की मग इंटरनेटवर न्या, घाई नको.

पुढचा पार्ट गोल फ्लॅन्ज घ्या, सायलोच्या, चिमणीच्या किंवा खांबाच्या जोडातला, कारण त्याला फंक्शनमधे फारसं बदलावं लागत नाही, आयताच्या जागी सर्कल आणि आर-अ‍ॅरेच्या जागी पोलरअ‍ॅरे. पाइपचे फ्लॅन्ज मात्र ह्यात घुसवू नका, त्यांची मापं त्यांच्या स्टँडर्डच्या टेबलातून ठरलेली असतात, तिथं गिऱ्हाइकाला माप टाइपच करू द्यायचं नाही. आपल्या फ्लॅन्जला नवीन नियम एकच, शेजारच्या दोन भोकांतलं सरळ अंतर, ते पीसीडी (भोकांची सेंटर ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) गुणिले साइन (१८० अंश भागिले भोकांची संख्या) असं निघतं. पीसीडी १२० वर एम१६ ची आठ भोकं मागितली तर अंतर ४५.९ येतं, एम१६ ला २.५ पटीने लागतात ४०, फाइल द्या. बारा मागितली तर ३१.१ येतं, तिथं फॉर्मने थांबवायचं आणि सांगायचं की ह्या पीसीडीवर नऊच भोकं बसतात, बारा पाहिजे असतील तर पीसीडी १५५ च्या पुढं न्या.